मानशीचं दार

प्रयोगशाळेची चावी माझ्याकडे आली
ती मला यंत्रांतलं कळतं म्हणून नव्हे.
बाकीच्यांना साडेचारची फेरीबोट गाठायची असते,
माझं घर चोडणातच.

पाच खोकी आणि एक पावती.
थ्रीडी प्रिंटरला आमची हवा मानवेना:
प्लास्टिकचं सूत दमट होई, नळीत अडके,
आणि कप छापायला सांगितला
की शेवया पडत.

पहिले दोन महिने आम्ही दिवा लावला.
दिवा विझवला.
वहीत लिहिलं: दिवा लागला.

मग सुलक्षा हळर्णकर, नववी ब, म्हणाली,
"बाई, पण ह्या दिव्याला काम काय?"

तिच्या नखांत खाजनातला चिखल असतो.
गेल्या वर्षी त्यांच्या शेतात खारं पाणी शिरलं,
भात उभ्या उभ्या पिवळं पडलं,
आणि ती आठ दिवस शाळेत आली नाही.
तिला दार हवं होतं, पाणी ओळखणारं.

तर मासळीचं एक थर्माकोलचं खोकं आणलं,
मधोमध पुठ्ठा: अलीकडे शेत, पलीकडे मांडवी.
एर्विनच्या तुटक्या चपलेचं रबर दाराच्या कडेला.
सोल्डरिंगचा धूर, भाजलेलं बोट, त्यावर टूथपेस्ट.
आणि संगणकावर एक ओळ:
जर पाणी सात सेंटिमीटर, तर दार बंद.

घरी जर-तर करत बसलं की बोलणी बसतात.
इथं जर-तर लिहिलं
आणि मोटर कण्हली,
दार मिटलं.
पोरं इतकी ओरडली की बाजूच्या वर्गातला इतिहास थांबला.

एर्विनचा आजा कायतान त्याला न्यायला आला होता.
चाळीस वर्षं मानस सांभाळणारा माणूस.
खोक्याभोवती फिरला, वाकला,
तारांचा झुपका बोटानं उचलून पाहिला.
"आनी वीज गेली जाल्यार?"

कुणीच काही बोललं नाही.
पंखासुद्धा नेमका तेव्हा बंद होता.

शनिवारी ओहोटीला तो आम्हाला बांधावर घेऊन गेला.
चिऱ्याची चौकट, काळं पडलेलं माट्टीचं लाकूड,
वरून टांगलेल्या दोन फळ्या.
नदी चढली की तीच त्यांना ढकलून मिटवते,
उतरली की शेतातलं पाणी त्यांना उघडून बाहेर जातं.
तार नाही. मोटर नाही.
जर नदी चढली, तर दार बंद:
कुणीतरी हे लाकडात लिहून ठेवलेलं,
आणि माझ्या घरापासून ते बारा मिनिटांवर.
मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहत होते.

सुलक्षानं फळीवर हात ठेवला.
"मग आमच्याकडं पाणी कसं शिरलं?"

कायतान नदीकडं बघत राहिला.
फांदी अडकली होती, म्हणाला. दार अर्धंच लागलं.
त्या रात्री ताप होता मला.

परत येताना पोरं गप्प.
सोमवारी मोटर काढून खोक्यात परत ठेवली.
आता फळीला एक चुंबक,
चौकटीला डोळ्याएवढा स्विच,
आणि एर्विनच्या मावशीच्या जुन्या मोबाइलचं सिम.
पाणी चढलं आणि दार मिटलं नाही
तर कायतानला मिस्ड कॉल.
एवढंच.

पणजीच्या प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं,
"पण ह्यात दार बंद कोण करतं?"
"नदी," सुलक्षा म्हणाली.
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं
आणि शेजारच्या रोबोटकडं वळले.

परवा रात्री पावणेतीनला माझा फोन वाजला.
पलीकडं कायतान, धापा टाकत,
बॅटरीच्या उजेडात, गुडघाभर पाण्यात.
"बाये, कुर्ली गो.
फळयेंत कुर्ली शिरकल्ली."

मग थोडा वेळ नुसतं पाणी ऐकू आलं,
आणि लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज.
"व्हडली आसा," तो म्हणाला.
"एर्विनाक सांग, फाल्यां जेवणाक."