तपकिरी सँडल

संगमनेरहून निघालेलं पार्सल
चार महिने कुठं कुठं बसत आलं,
लिलाँग्वेच्या पोस्टातून दोनदा पैसे भरून सोडवलं.
आत गोडा मसाला, चर्चचं जुनं झालेलं कॅलेंडर,
आणि जाऊबाईंनी नुसत्या फोटोवरून माप धरून घेतलेले
शारोनचे तपकिरी सँडल.
बरोब्बर बसले.

मंगळवारी ती शाळेतून अनवाणी आली.
'तडालाला दिले.'
इतकंच बोलून ड्रमपाशी पाय धुऊ लागली.

मी रागावले. रीतसर रागावले.
मक्याच्या पिठाचे हात तसेच,
पैसे, पोस्ट, काकूची माया, सगळं एका दमात.
ती म्हणाली, 'रविवारी पप्पांनीच सांगितलं ना,
दोन असतील तर एक द्यायचं.'

जयवंतचं चिचेवा अजून लंगडतं,
क्रियापदं मागं राहतात, लोक सौजन्यानं माना हलवतात.
अख्ख्या मंडळीत उपदेश नीट कळला
तो या एकटीला, आठ वर्षांच्या.
आणि तिचा दुसरा जोड म्हणजे गमबूट,
उजव्याला भोक.
जयवंत हसला. त्याचं बरं आहे.
त्यानं वचन सांगायचं,
चपला मी मोजायच्या.

संध्याकाळी निघाले. परत मागायला.
हो, परत मागायला.
वाटेत वाक्यं जुळवत होते:
मुलीची चूक झाली, तिला अजून कळत नाही.
चिचेव्यात म्हणून पाहिलं तर
आहेत त्याहून खोटी वाटत होती.
सरोवराकडून वाळत्या उसिपाचा वास,
आंब्याखाली सायकलवाले:
'मायी, कुठं सोडू?'
कुठं सोडणार, बाबा.

तडालाची आई दारात मका सोलत होती.
मला बघून उठली, आत चटई टाकली,
चितेंजे सैल करून आडवीच झाली.
तिला वाटलं, सिस्टर तपासायला आली.
सातवा महिना. दवाखान्याच्या दोन खेपा चुकवलेल्या,
वहीत लाल खूण मीच केलेली.
पिशवीत लाकडी नळी होती, सवयीनं असते.
कान लावला.
आत कुणीतरी फार घाईत होतं.

मान वर केली तेव्हा दिसले.
फळीवर, साखरेच्या पिशवीत गुंडाळलेले,
बायबल आणि टॉर्चच्या मधोमध.
'तडालाला होत नाहीत,' ती म्हणाली, 'पाय मोठा.
याच्यासाठी ठेवलेत.'
आणि पोटावर हात ठेवला,
जणू आठ वर्षं म्हणजे येता बुधवार.

मी म्हटलं, बाळ ठीक आहे.
सोमवारी ये, रक्त तपासायचंय.
उरलेलं वाक्य गिळलं.
मन मोठं झालं असं काही नाही.
लाज वाटली, एवढंच.
निघताना तिनं दोन्ही हातांनी
ओंजळभर शेंगदाणे दिले.
इथं नको म्हणता येत नाही.

घरी वीज गेलेली.
तापातून उठलेला अमोस किरकिरत होता,
जयवंत मेणबत्तीशी डिझेलची बिलं जुळवत.
शारोननं विचारलं, 'मिळाले?'
'शेंगदाणे मिळाले,' म्हटलं.

जेवण झाल्यावर तिनं डावा पाय पुढं केला.
अंगठ्याच्या कडेला पांढरी गाठ, मध्ये काळा ठिपका.
मातेकेन्या.
हा किडा एका दिवसाचा नव्हे,
आठवडा तरी झाला असेल आत शिरून.
म्हणजे सँडल आले त्या दिवसापासूनच
पोरगी ते दप्तरात टाकून
इतरांसारखी अनवाणी जात होती.

काही बोलले नाही.
सेफ्टी पिन ज्योतीवर धरली.
'मोज,' म्हटलं.
'चिमोद्झी, झिविरी, झितातू...'
मराठीत ती वीसच्या पुढं अडखळते.
जयवंतनं टॉर्च धरला, त्याचा हात थरथरत होता.
'हलू नका,' मी म्हणाले,
दोघांनाही.