काठ, अंग, काठ

प्रदर्शनाच्या फॉर्मवर रकाना होता : चित्रप्रकार.
मी लिहिलं ट्रिप्टिक,
आणि तो शब्द दुसऱ्याच्या चपलेसारखा वाटला,
मापाचा, पण आपला नाही.
त्रिपट लिहावं, तर घरभाडं वाढल्यासारखं.
त्रिफलक, तर कचेरीबाहेरची पाटी.
तिघाडा म्हटलं असतं, तर आई म्हणाली असती,
पुढचं मी म्हणू का?

लकडगंजात फागोजी सोनकुसरे फ्रेमा करतात.
ई-रिक्षातून तीन कॅनव्हास उतरवले,
नाग नदीचे.
डावा : अलीकडचा काठ, दोरीवर गोधड्या,
एकीच्या मागे बाई उभी, तिची नुसती पावलं.
उजवा : पलीकडचा, घरांच्या पाठी,
तुटका पाइप, एक म्हैस.
मध्ये पाणी.
आता ते पाणी कसलं, हे अख्ख्या नागपूरला ठाऊक आहे.
तरी मला तीन आठवडे लागले,
काळ्यात हिरवा, हिरव्यात फेस,
फेसात कुठल्याशा हळदीकुंकवाच्या द्रोणाचा कोपरा.

बिजागऱ्या लावा, म्हटलं, मिटता आलं पाहिजे.
"मिटाचं कायले? अन् याले म्हणतेत काय?"
ट्रिप्टिक.
त्यांनी कानावरची पेन्सिल काढून
बिलबुकात लिहिलं :
टापटीप, नग एक.

मग हात न टेकवता
तिन्ही चित्रांवरून नेला, डावीकडून उजवीकडे,
आणि परत.
"आमच्या तांडापेठेत बाप लुगडं विणे.
तीन धोटे राहत. एक या काठाचा, एक त्या काठाचा,
एक मंधातल्या अंगाचा.
काठाचा धागा अंगाच्या धाग्याले भेटला
का दोघं गळ्यात गळा घालत
अन् मंग वळून आपापल्या घरी.
करवती काठ म्हणत त्याले."
मागे करवत चालूच होती.
एक धोटा थांबला तर?
"तर काय. फट."

प्रदर्शनात धरमपेठेतल्या एक बाई
मधल्या चित्रापुढे बराच वेळ थांबल्या.
एवढंच हवं, म्हणाल्या.
सोफ्यावर जागा बेताची, आणि पेशंटला
पाणी बघून बरं वाटतं.
दंतवैद्य होत्या. मधला काढायचा हात बसलेला.
मी म्हटलं, हे एकच चित्र आहे.
त्या म्हणाल्या, हो, एकच हवंय.
मग आकडा म्हणाल्या.
माझ्या स्टुडिओचं चार महिन्यांचं भाडं होतं ते.
मी नदी विकली.

मे महिन्यात दोन्ही काठ घेऊन परत गेले.
दुकानात कूलर, त्याच्या तीन बाजूंना ओल्या ताट्या,
चौथीकडून वारा.
फागोजींनी काही विचारलं नाही.
बिजागऱ्यांचे जुने स्क्रू फिरवून काढले,
तळहातावर मोजले,
आठातले चार मला परत दिले.
"भोकं बुजवू?"
राहू द्या.

त्यांनी काठाला काठ जोडला.
मी मिटवून पाहिलं :
गोधड्या थेट म्हशीच्या पाठीवर,
बाईची पावलं कुणाच्या तरी मोरीत.
उघडलं, तर दोघं पुन्हा समोरासमोर,
मध्ये बोटभर पितळ,
त्यातून पलीकडचा भुसा दिसे.
पडलेल्या दाताकडे जीभ जाते
तशी माझी नजर तिथे.

"आता याले काय लिहू?"
फॉर्मवर यासाठी शब्द असणार,
मला आठवला नाही. चार स्क्रू मुठीत तापले होते.
त्यांनीच वाट पाहून लिहिलं,
नीट अक्षरात, बिलबुक गुडघ्यावर धरून :
काठ, नग दोन.
आणि दराच्या रकान्याआधी, थोडं थांबून,
अंग बाहेरगावी.