पहिल्या दिवशीचा कागद

परसराम नाकाडे, नाटक कंपनीचे मालक,
खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले,
"केस टाका जी. खर्चाचं मंग पाहू."

मंग पाहायचं नसतं, एवढं मी तेवीस वर्षांत शिकले.
वकीलपत्र खणातच राहू दिलं
आणि कॅलेंडरचं सरलेलं पान उलटं करून
मधोमध रेघ मारली.

करार पासष्ट हजारांचा. इसार सत्तावीस.
शंकरपटाची रात्र, गाव कोसंबी.
तिसऱ्या अंकात जनरेटर बंद पडला
आणि उरलेले अडतीस मंडळाने बुडवले.
नाटक पुरं झालंच नाही म्हणतात.
मी विचारलं, खलनायक मेला होता का?
"मरतच होता जी. लाइट गेली."

रेघेच्या डावीकडे: गुलाबी करारपत्र, सहीसकट.
उजवीकडे: कलम सात. वीज कोणाची ते नाही,
नुसतं "योग्य ती व्यवस्था".
डिझेल मंडळाचं, यंत्र आपलं.
साक्षीदार म्हणाल तर बारदान्यावर बसलेली दोन हजार माणसं,
त्यातलं एकही
वडशाच्या कोर्टात गावच्या अध्यक्षाविरुद्ध
उभं राहणार नाही.
हेही उजवीकडे.

मग आकडे. कोर्ट फी, नोटीस, टायपिंग.
दोन वर्षं? चार? मी सहा धरली.
दर तारखेला ऑर्गनवाला ब्रह्मपुरीहून येणार,
हीरो आता नागपुरात मोबाइल विकतो, त्याचा रोज बुडणार,
आणि दिवाळी ते होळी,
जेव्हा रात्री रिकाम्या नसतात,
तारखा नेमक्या तेव्हाच लागणार.
बेरीज एकतीस हजारांवर गेली तेव्हा
नाकाडे खिडकीतून रिक्षा-स्टँड पाहू लागले.

जिंकलो तरी वसुलीचा वेगळा अर्ज.
मंडळ नोंदलेलंच नाही. जप्ती कशावर आणायची,
पटाच्या दोरीवर?

"म्हंजे सोडून देऊ?"

मी पेनाला टोपण लावलं.
खरं सांगा, पैसाच आहे का?

मग ते बोलले, जे करारात नव्हतं.
पोरांनी गाडी अडवली होती.
रंजू उंदिरवाडे, वीस वर्षं नायिका,
अंगावर शालू, तोंडावर रंग तसाच,
तिला खाली उतरवून म्हणाले,
तो नाही मेला त तू मर, संपव नाटक.
ती काही बोलली नाही.
दोन कोस चालत डांबरी रस्त्याला लागली.

हे कोणत्या बाजूला लिहायचं कळेना.
पान उलटून पाहिलं.
तिकडे मार्च महिना होता,
सिलिंडर आला त्या तारखेला गोल.

शेवटी केस नाही, पत्र लिहिलं.
तीस हजार द्या. पुढल्या पटाला
राहिलेला अंक फुकट करू.
आणि पडदा उघडण्याआधी, माइकवर,
अध्यक्षांनी रंजूबाईंची माफी मागावी,
नाव घेऊन.
मुदत एकवीस दिवस. नंतर वकीलपत्र.

नाकाड्यांनी पाचशे मोजून ठेवले,
पायऱ्या उतरले, परत वर आले.
"माफीचं काढलं त लवकर जमन का?"
जमेल, मी म्हणाले. बरंच लवकर.
ते चौकटीला हात लावून उभे राहिले.
"थांबा मंग. तिलेच इचारून येतो."

पाकीट अजून चिकटवलं नव्हतं.
एवढी रेघ ओढून, एवढी बेरीज करून,
तिला विचारायचं
मलाही सुचलं नव्हतं.