महाचा आवाज

अल ऐनच्या वाटेवर गाडीतला आकडा सेहेचाळीस म्हणाला,
मी म्हटलं, बरं.

प्राणिसंग्रहालयाच्या खेळात चोवीस प्राणी, चोवीस बटणं.
हिंदबाईंनी पहिल्याच बैठकीत बजावलेलं,
मूल बोट ठेवेल तिथून काहीतरी उमटलंच पाहिजे.

तेवीस मिळाले.
सिंहाची डरकाळी विकत मिळते, दोन डॉलरला.
हत्तीचा चीत्कार तीनला.
फायलींना नावं मी मराठीत दिली,
शाळेत घोकलेली, अजून पाठ :
घोडा खिंकाळतो, म्हैस रेकते,
कोल्ह्याची कोल्हेकुई, घुबडाचा घुत्कार.
कोडिंगवाला शाजी मलप्पुरमचा,
‘घुत्कार’ म्हणून बघायचा आणि खुर्चीतून घसरायचा.

चोविसावी ओरिक्स.
इथे तिला म्हणतात महा.
आमच्याकडे हा शब्द एकटा कधी फिरत नाही,
मागे काहीतरी ओढत असतो,
सागर, मार्ग, नाहीतर नगरपालिका.
इथे तो नुसताच उभा, पांढराशुभ्र,
पायांत काळे मोजे घालून.

चित्र काढतानाच ती अडली होती.
चौसष्ट पिक्सेलांत दोन शिंगांचं एक होतं.
शाल्मली म्हणाली, आई, हिचं दुसरं कुणी मोडलं?
मी मान किंचित वळवली,
एका पिक्सेलची फट ठेवली.
मग अरबी आवृत्ती आली, उजवीकडून डावीकडे,
सगळा पडदा आरशासारखा उलटला.
तिला मात्र मी उलटवलं नाही.
माणसांनी भाषा बदलली म्हणून
जनावराने का तोंड फिरवावं?

आवाजाचं काय, ते राहिलंच.

राखणदार इद्रिस, सुदानातल्या कसालाचा,
एकोणीस वर्षं इथे. आखाती हिंदीत म्हणाला,
“ये बात नहीं करता, मॅडम. सुनता है बस.”
तरी पहाटे साडेचारला त्याने कुंपणाचं दार उघडलं.
मी माईक धरून वाळूत बसले.
एक कान हलला. माशी उठली.
लसूणघासाच्या काड्या दाताखाली मोडल्या.
खूर रुतला, निघाला.
लांबून बांग आली, ती मी नंतर कापली,
कापल्यावर चुकल्यासारखं वाटलं, पण जोडली नाही.
चाळिसाव्या मिनिटाला नाकातून एक फुस्स,
आणि त्याच्या पाठोपाठ, इतका लगेच
की वेगळा काढताच आला नाही,
इद्रिसचा खोकला.

बारा सेकंदांची फाईल झाली.
नाव काय द्यावं कळेना.
मराठीत तिच्यासाठी क्रियापद नाही.
आमच्या शब्दांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं.

हिंदबाई म्हणाल्या, गाईचं हंबरणं टाका, कुणाला कळतंय!
मला इद्रिसने सांगितलेलं आठवलं :
एके काळी वाळवंटात एकही उरली नव्हती,
कुंपणात राखलेल्या मूठभरांतून पुन्हा सोडल्या.
एवढं करून परत आलेलीच्या तोंडी
गाय घालायची?

शाजीने चुकांच्या यादीत लिहिलं,
तीनशे अकरा : महा, आवाज येत नाही.
मी खाली लिहिलं, येतो. थांब.
त्याने लिहिलं, मुलं थांबत नाहीत.

ते खरंच होतं.
चाचणीला पहिलीची अठ्ठावीस मुलं आणली,
गालिच्यावर बसवली, हातात टॅब.
डरकाळ्या, चीत्कार, माकडांचा नुसता बाजार.
महाच्या बटणावर बहुतेकांनी दोनदा बोट आपटलं
आणि पुढे गेली.
एकाने टॅब उलटा करून झटकला,
बरणीच्या तळाशी अडकलेला खाऊ झटकावा तसा.

रुमैथा नावाची एक, समोरचे दोन दात पडलेली,
हिने टॅब उचलून कानाला लावला.
शेजाऱ्याला कोपर मारून गप्प केलं.
मी सेकंद मोजत होते. सहा. सात.
दहाव्याला तिच्या भुवया वर गेल्या.
ती बाईंकडे बघून अरबीत काहीतरी म्हणाली.
मी हिंदबाईंना विचारलं, काय म्हणते?

म्हणते,
आत कुणीतरी काका आहेत,
तिच्याजवळ बसलेत.