निळी दोरी

फेब्रुवारी लागला की रात्री मी फाटकाला कुलूप घालत नाही.
सशांचा हंगाम संपतो,
आणि हरलेले, थकलेले, किंवा नुसतेच वय झालेले
ते बारीक कमरेचे शिकारी कुत्रे
गावाला एकदम जड होतात.
कुणी बदाहोसच्या हमरस्त्यावर सोडून देतं,
कुणी विहिरीचं तोंड बघतं.
ज्याला थोडी लाज असते तो माझ्या फाटकाशी येतो.
पहाटे कडीला दोरी असते. दोरीच्या टोकाला कुत्रा.
दुसऱ्या टोकाचा माणूस मी कधी पाहिलेला नाही.

गाव म्हणतं, एउलालियाला मूलबाळ नाही, म्हणून हे खूळ.
मूल आहे. बिल्बाओत दातांचा डॉक्टर आहे.
नाताळात येतं, आणि ताटातले केस काढत काढत जेवतं.

सध्या चौदा. नऊ कुत्रे, पाच मांजरं.
सहावी एक आहे, पण ती माझी नाही
असं आम्ही दोघींनी ठरवलंय. ती फक्त जेवायला येते.
आंधळा बोका पावाच्या जुन्या भट्टीत झोपतो.
त्या भट्टीनं तीस वर्षं विस्तव पाहिलेला नाही;
मी हात लावला तर दगड गारच लागतो.
त्याला काय लागतं ते त्याचं तो जाणे.

बेकरीवाला कासिमिरो शिळा पाव पोत्यात भरून देतो,
पैसे घेत नाही.
माझ्याविरुद्ध पंचायतीत गेलेल्या अर्जावर
पहिली सही त्याचीच.
दोन्ही खरं आहे.

अंजिराखालची जमीन खडकाळ. पहारीशिवाय हलत नाही,
आणि माझी कंबर आता पहारीचं ऐकत नाही.
म्हणून एक खड्डा मी आधीच खणून ठेवते.
वर फळी टाकते.
फळीवर मांजरं ऊन खात पडतात.

मंगळवारी सातुर्निनो आला. भर दुपारी, टोपी हातात घेऊन.
“एक तांबडी होती,” म्हणाला, “डावा कान चिरलेली.
सात वर्षं झाली असतील.”
मला माहीत होतं.
तसली निळी दोरी गावात एकाच ट्रॅक्टरला आहे.
सात वर्षं मी ती खुंटीला जपली होती,
कधीतरी त्याच्या तोंडावर फेकायला.
सोबतचं वाक्यही पाठ होतं.

इथल्या तांबड्या मातीवरून मी तिला अल्माग्रा म्हणते.
पुरुषाचा आवाज आला की ती कपाटामागे जाते,
टपालवाला असला तरी मुतते.
पहिलं वर्षभर कुणी बघत असलं तर जेवायची नाही.
ताटली ठेवून पाठ करायला मी तिच्यासाठी शिकले.

त्यानं नुसती जीभ टाळूला लावून आवाज केला.
एकदाच.
आतल्या खोलीतून ती आली,
तोंड पांढरं झालेलं, पाय काटक्यांसारखे,
आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली.
शेपूट हलत होतं.

मला राग आला. त्याचा नाही, तिचा.
अगं सटवे, म्हटलं मनात,
सात वर्षं माझं अन्न खाल्लंस ना?
तो म्हणाला, “ही धावायची तेव्हा...”
आणि पुढचं त्याला सापडेना.

मी आत गेले. खुंटीवरची दोरी काढली.
दारात आले, ती हातात धरून.

अल्माग्रानं दोरी पाहिली.
त्याच्या गुडघ्यावरून उठली. माझ्याकडे आली नाही.
टेबलाखाली शिरली, भिंतीला टेकून,
आम्हा दोघांपासून जमेल तितकी लांब.
फरशीवर ओल पसरली.

पाठ केलेलं वाक्य घशात कुठेतरी राहिलं.
सातुर्निनोनं माझ्या हातातून दोरी घेतली,
घडी घालून खिशात कोंबली. बराच वेळ टोपी नीट करत राहिला.
“फाटक ओढून घेऊ?”
“राहू दे,” म्हटलं. “फेब्रुवारी आहे.”

मग पाव दुधात कुस्करला.
ताटली टेबलाशी सरकवली
आणि पाठ करून बसले,
पहिल्या वर्षीसारखी,
कान मागे लावून.