दहा मीटरचा चौकोन

राजारामपुरीतल्या खोलीत, रात्री अकराला,
मी पडद्यावर चंदगड उघडतो.
एक चौकोन म्हणजे दहा मीटर.
त्यात एक गोठा मावतो,
किंवा रबराची चार झाडं.

रबर ओळखायची खूण सोपी :
माघात तो पानं टाकतो, सगळी एकदम,
हुकूम सुटल्यासारखी.
रानात ज्याचं पान
ज्याच्या त्याच्या सवडीनं गळतं.

सोळा साली गडद हिरवं.
अठराला उघडी लाल माती,
तिच्यावर पायऱ्या, अंगठ्याच्या ठशातल्या रेघांसारख्या.
मग पुन्हा हिरवं.
पहिलं चित्र शेवटच्याला लावून
संगणक म्हणाला : बदल नाही.

खात्रीसाठी गेलो. पुढं धाकलू झोरे, हातात कोयती.
ओळीनं झाडं, बुंध्यांना बांधलेल्या वाट्या,
वाटीत चीक, दुधासारखा.
"हितं जांभळीखाली म्हशी बसायच्या माझ्या,"
तो म्हणाला,
आणि दोन ओळींच्या मधे, मोकळ्या जागी,
वळसा घालून गेला
नसलेल्या बुंध्याला.

मीही घातला.

बिंदू घेतला. वर्ग : रबर.
चूक : तीन मीटरच्या आत.
शेऱ्याचा रकाना कोल्हापुरात येईपर्यंत कोराच होता.
मग लिहिलं : जांभूळ.