जेवणापर्यंत

क्लाइपेदाच्या बंदरात, सातव्या शीतगृहामागे
एक खोली आहे, हेरिंगचा वास चिकटलेली.
तिथल्या संगणकावर माझा प्रोग्राम चालतो.
तो लिहिला तेव्हा माझ्या डोक्यावर दाट केस होते
आणि माणसांवर फारसा विश्वास नव्हता.
म्हणून जागोजागी खिडक्या उघडायला लावल्या:
वजनाचा रकाना रिकामा आहे. तरी पुढे जायचं?

गेनोवाइते बाईंचा तिसऱ्याच दिवशी फोन.
"पोरा, रिकामा आहे ते दिसतंय मला.
काट्यावरचा माणूस चिठ्ठ्या जेवणानंतर आणतो.
तोवर चाळीसदा तू मला तेच विचारतोस.
माझा नवराही इतकं विचारायचा नाही,
आणि तो तर कस्टममध्ये होता."

मी खिडकीच्या तळाशी एक चौकोन काढला,
नखाएवढा. शेजारी पाच शब्द:
हा संदेश पुन्हा दाखवू नका.
बाईंनी खूण केली. सुंठेवाचून खोकला गेला.
नाताळात माझ्या टेबलावर धुरावलेल्या ईलचा पुडा आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

अकरा वर्षं.

मार्चमध्ये उग्ने आली, कॉलेजातून थेट
बाईंच्या खुर्चीवर,
बाईंच्याच नावाने उघडणाऱ्या यंत्रापुढे
(पासवर्ड अजून पडद्याच्या पाठीला चिकटवलेला,
कुणाला बदलावासाच वाटला नाही).
एका शुक्रवारी बावीस टन मासे कीलच्या फेरीकडे निघाले.
कागदावर वजन: काहीच नाही.
फेरी गेली. ट्रक धक्क्यावर, बर्फ ठिबकत.
उग्ने रडली नाही. म्हणाली,
"मला कुणी विचारलंच नाही."

एवढं वाक्य घेऊन मी ती फाइल उघडली.
शेकडो ओळींत एक ओळ:
वजन-इशारा, बरोबर, शून्य.
ती आवड मी यंत्रापाशी बांधली होती, माणसापाशी नाही.
बाई उठून गेल्या, आणि त्यांनी डोळ्यांवर ओढलेलं कातडं
खुर्चीच्या पाठीवर राहिलं, स्वेटर राहावा तसं.
पुढच्या मुलीला थंडी वाजली,
तिने ते न बघताच पांघरलं.

बाईंना फोन लावला. हल्ली पालांगाला असतात, मुलीकडे.
"कुठला चौकोन?"
मागे टीव्ही मोठ्याने चालू.
"वजन तर मी रोज भरायचे रे, चिठ्ठ्या आल्या की."
त्यांना काट्यावरचा आल्गिमांतास आठवत होता,
त्याचं एक बोट अर्धं होतं,
पावसात चिठ्ठ्या टोपीखाली ठेवून आणायचा,
त्यामुळे आकड्यांना डोक्याच्या तेलाचा वास यायचा.
चौकोन आठवत नव्हता.
यंत्राला फक्त चौकोन आठवत होता.

त्या रात्री मी शून्याचा एक केला.
मग हात थांबला. एक म्हणजे पुन्हा चाळीसदा,
आणि आठवडाभरात उग्नेही खूण करणार, न वाचता.
मीही करतोच. बँकेच्या अटींखाली करतो,
गोळ्यांच्या डबीतल्या घडीच्या कागदाला करतो,
बायको तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगते
तेव्हा तर मनातल्या मनात, हसऱ्या चेहऱ्याने.

पाच शब्द खोडले. तीन लिहिले:
जेवणापर्यंत दाखवू नका.
चहा पिऊन पुन्हा वाचले. हसू आलं.
अकरा वर्षांपूर्वी बाईंनी फोनवर
नेमकं एवढंच मागितलं होतं.

सोमवारी, एक वाजून पाच मिनिटांनी
उग्नेच्या पडद्यावर खिडकी उघडली.
ती सँडविच खात होती.
काट्यावर आता दुसरा माणूस आहे, टोपी न घालणारा,
पण चिठ्ठ्या अजून उशिराच येतात.
तिने वाचलं, असं ती म्हणते.
मग खिडकी तशीच उघडी ठेवून,
बोटं पँटला पुसत,
ती स्वतःच काट्याकडे गेली.